‘पार्श्वसंगीत साजेसे’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली चित्रपट-परीक्षणे आम्ही नेमाने वाचतो. कथा, अभिनय, भाषा यांवर त्यांत पुष्कळ बारकाईने लिहिलेले असते. शेवटचा परिच्छेद मात्र वाचण्याआधीच पाठ असतो : ‘छायाचित्रण नेत्रसुखद, संकलन आटोपशीर, पार्श्वसंगीत प्रसंगाला साजेसे.’ वाद्यवृंद मोठा असला तर ‘साजेसे’च्या जागी ‘भव्य’ येते आणि व्हायोलिन किती होती तो आकडा छापला जातो. पोळ्या किती लाटल्या ते सांगून जेवण कसे झाले हे कळत नाही.

प्रेक्षकाचा गळा दाटतो तो आकड्यामुळे नाही. कोणता स्वर कोणत्या वाद्याला दिला, किती हळू आवाजात, कोणत्या क्षणी सुरू केला आणि कुठे थांबवला यामुळे दाटतो. या सगळ्या गोष्टी साध्या कानाला ऐकू येतात. ऐकू येतात म्हणजे त्यांच्याविषयी लिहिताही येते. हे पत्र त्यासाठीच.

आधी संख्येचेच पाहू. एका व्हायोलिनच्या जागी दोन वाजली की आवाजाची पातळी 3 डेसिबलने वाढते. दहा वाजली की 10 डेसिबलने. 10 डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे दहा माणसे बसवून मोठेपणा मिळाला तो दुपटीचा. पन्नासांचे शंभर केले तर पुन्हा 3 डेसिबलच. नुसता आवाज वाढवायला माणसे बोलावणे हा सर्वांत महागडा उपाय आहे, कारण तेच काम ध्वनिमिश्रणाच्या यंत्रावरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, फुकट करतो. माणसे लागतात ती वेगळ्या कारणासाठी. सोळा जण एकच स्वर धरतात तेव्हा कुणाचे बोट केसभर वर असते, कुणाचे केसभर खाली. कुणाचा कंप सावकाश, कुणाचा जलद. गज उलटण्याची वेळही प्रत्येकाची थोडी निराळी. या बारीक फरकांमुळे स्वर रुंद होतो, त्याच्या कडा विरघळतात. एकट्याने हळू वाजवलेल्या स्वरात माणूस दिसतो. सोळांनी हळू वाजवलेल्या स्वरात कुणीच दिसत नाही, नुसती हवा भारल्यासारखी वाटते. मोठ्या वाद्यवृंदाचे पैसे वसूल होतात ते तो हळू वाजतो तेव्हा. परीक्षणात मात्र तो दणदणला तरच दखल घेतली जाते.

याची उलट बाजूही आहे. एका ओळीवर, म्हणजे एकच चाल वाजवायला, दोनच व्हायोलिन बसवणे सर्वांत वाईट. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा नीट लागल्या नाहीत की स्वर जसा डोलतो, तसाच दोन व्हायोलिनांचा डोलतो, आणि तो दोष झाकायला तिसरे कुणी नसते. एक चालते, तीन चालतात, चार-पाच असली तर उत्तम. बजेट चार व्हायोलिनांचे असेल तर दोन-दोनच्या दोन ओळी लिहू नयेत. चारही एका ओळीवर ठेवावीत आणि खालची ओळ व्हायोला किंवा चेलो या व्हायोलिनच्या खालच्या स्वरांतल्या मोठ्या भावंडांना द्यावी. कमी बजेटच्या चित्रपटातला वाद्यमेळ ‘स्वस्त’ का वाटतो याचे कारण बहुतेक वेळा वादकांच्या हातात नसून कागदावरच्या या वाटणीत असते.

हळू वाजवण्याचेही प्रकार आहेत. व्हायोलिनच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, रबराचा किंवा लाकडाचा छोटा तुकडा बसवला, ज्याला म्यूट म्हणतात, की घोडीचे वजन वाढते, वरची कंपने दबतात आणि स्वर पडद्याआडून आल्यासारखा होतो. गज घोडीपासून दूर, बोटपट्टीवर नेला की बासरीसारखा पोकळ स्वर येतो. घोडीला खेटून ओढला की काचेसारखा चरचरीत. तीनही वेळा स्वर तोच, वाद्य तेच, पातळीही जवळपास तीच. त्यातून निघणारी भावना मात्र एका वेळी शोकाची, एका वेळी आठवणीची आणि एका वेळी धास्तीची.

म्यूटचा सर्वांत हुशार वापर कोणता असे विचारले तर 1960 च्या ‘सायको’कडे बोट दाखवावे लागते. संगीतकार बर्नार्ड हरमनने त्या चित्रपटात फक्त तंतुवाद्ये घेतली. ना पितळी वाद्ये, ना ढोल, ना बासरी. त्याच्या कागदावरची मांडणी अशी : पहिली व्हायोलिन 14, दुसरी 12, व्हायोला 10, चेलो 8, डबल बास 6. एकूण 50. या पन्नासांना त्याने चित्रपटभर म्यूट लावून ठेवले. प्रेक्षकाचा कान त्या कोंडलेल्या आवाजाला सरावला आणि मग न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला म्यूट काढले. वरच्या सप्तकात, पूर्ण जोराने, एकावर एक बेसूर थर चढवत. लोक त्या किंचाळीची आठवण काढतात; पण तिची धार आधीच्या पाऊण तासातल्या दबलेल्या आवाजावर घासून काढलेली आहे. दिग्दर्शक हिचकॉकला त्या दृश्यावर संगीतच नको होते. हरमनने लिहिलेले ऐकल्यावर त्याने मत बदलले.

यात एक अगदी व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. म्यूट चढवायला किंवा काढायला वादकाला दोन-तीन सेकंद लागतात. लिहिणाऱ्याने तेवढी विश्रांती कागदावर ठेवली नाही तर अर्धी मंडळी म्यूटसह वाजवतात, अर्धी त्याशिवाय. घाईत म्यूट घोडीवर आपटल्याचा ‘टक्’ माइकमध्ये शिरतो आणि नेमका सर्वांत शांत जागी ऐकू येतो.

आता आपल्या कानाचा प्रश्न. आपण रागसंगीतावर वाढलेले लोक. आपल्याकडे षड्ज हलत नाही. तंबोरा एकदा लागला की ती जमीन पक्की, आणि प्रत्येक स्वराचे नाते त्या जमिनीशी. पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदाची खरी ताकद याच्या नेमकी उलट आहे : स्वर तोच ठेवून तो जमीन सरकवतो. वर व्हायोलिनने ‘सा’ धरून ठेवला आहे असे समजा. खाली सा-ग-प हे स्वर एकत्र वाजले, म्हणजे त्यांचा मेळ (कॉर्ड) झाला, तर वरचा ‘सा’ घरचा षड्ज. खालचा मेळ ध-सा-ग झाला की तोच स्वर त्या नव्या घराचा कोमल गंधार ठरतो आणि क्षणात उदास होतो. म-ध-सा झाला की तो पंचम होतो, निवांत. आणि खाली कोमल रिषभावर उभा केलेला मेळ आला की तोच ‘सा’ त्याचा शुद्ध निषाद होऊन कळवळतो, कुठेतरी जायला धडपडतो. वाजवणाऱ्याने बोट हलवलेले नाही. पडद्यावरच्या नटीनेही चेहरा हलवलेला नाही. तरी प्रेक्षकाला तिच्या मनात काहीतरी बदलल्यासारखे वाटते.

जुना मेळ जाऊन नवा आला, पण वरचा एक स्वर तसाच अडकून राहिला आणि मग खाली उतरला, की ती जागा हमखास लागते. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी 1991 साली श्रोत्यांना विचारून असेच काही नोंदवले होते : डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांमध्ये ठोक्यावर येऊन, मेळाशी भांडून मग मुरणारा स्वर पुन्हापुन्हा सापडतो; अंगावर काटा येतो तो अनपेक्षित मेळ आला की. आपल्या कणस्वराचा हा दूरचा चुलतभाऊ. म्हणून मराठी प्रेक्षकाला तो परका वाटत नाही.

संगीत कुठे सुरू करायचे हा पुढचा निर्णय, आणि आमच्या मते निम्म्याहून अधिक परिणाम त्यात असतो. दिग्दर्शक आणि संगीतकार चित्रपट एकत्र पाहून जागा ठरवतात. त्या बैठकीला स्पॉटिंग म्हणतात. नटाच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी व्हायोलिन सुरू झाले तर ते प्रेक्षकाला रडायला सांगतात, आणि प्रेक्षक मनातून आडमुठा होतो. पाणी आल्यावर अर्ध्या सेकंदाने, म्हणजे 12 फ्रेमनी सुरू झाले तर ते त्याच्या भावनेला नुसती साथ करतात. सुरुवात लपवायच्या जुन्या युक्त्या आहेत : संवादाच्या शब्दाखाली हळूच शिरणे, दाराच्या किंवा आगगाडीच्या आवाजात शिरणे, दृश्य बदलते त्या क्षणावर शिरणे. सुरुवात लपवता येते. शेवट लपवणे फार अवघड. वाद्ये अचानक थांबली की प्रेक्षकाला शांतताच ऐकू येते. म्हणून थांबण्याची जागा सुरुवातीच्या आधी ठरवावी.

1975 चा ‘जॉज’ आठवा. संगीतकार जॉन विल्यम्सने शार्कसाठी जे लिहिले त्याचा गाभा म्हणजे शेजारचे दोन स्वर, चेलो आणि डबल बासवर. मासा दिसत नाही. स्वरांची लय वाढते तसे त्याचे आणि सावजाचे अंतर कमी होत जाते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. खरी कारागिरी पुढे आहे. दोन पोरे शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात त्या प्रसंगी हे स्वर वाजतच नाहीत. संगीत प्रेक्षकाशी खोटे बोलत नाही, हा करार तिथे पक्का होतो. आणि करार पक्का झाल्यावर, बोटीच्या मागे शार्क पहिल्यांदा डोके वर काढतो तेव्हा विल्यम्स तो मोडतो : कुठलीही सूचना न देता. प्रेक्षक खुर्चीतून उडतो तो न वाजलेल्या दोन स्वरांमुळे.

मोठ्या वाद्यवृंदाची मिजास उतरवणारे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ‘पथेर पांचाली’त (1955) घरी परतलेल्या हरिहरसमोर, मुलगी गेल्याच्या दुःखाने, त्याची पत्नी सर्वजया हिचा बांध फुटतो. तिचे तोंड हुंदक्याने उघडते, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर वरच्या सप्तकातला पटदीप राग आहे. एक वाद्य. रविशंकरांनी त्या चित्रपटाचे संगीत जवळजवळ एका बैठकीत उरकले होते. शंभर व्हायोलिन तिथे बसवून पाहा म्हणजे कळेल, प्रसंग किती लहान होतो ते.

आणि मराठीतले उदाहरण द्यायचे तर ‘सैराट’. अजय-अतुल यांनी 2016 च्या या चित्रपटाच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, साठहून अधिक वादकांचा वाद्यवृंद बसवला. वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘हॉलिवूड’ हा शब्द मोठ्या टायपात छापला. त्या वाद्यवृंदाने काय केले हे फार थोड्यांनी लिहिले. करमाळ्याच्या आसपासची ऊस-केळीची शेते, विहीर, बोटी यांच्यावर त्याने एक आकाश उभे केले. ते पोरापोरीचे आकाश आहे. त्यांना आपले प्रेम जेवढे मोठे वाटते तेवढे ते मोठे आहे. पुढे शहरातल्या झोपडीत ते आकाश नाही. आणि शेवटच्या दृश्यात तर संगीतच काय, आवाजही नाही. त्या दोघांचे छोटे मूल रडते आणि आपल्याला ऐकू येत नाही. पहिल्या भागातला वाद्यवृंद मोठा नसता तर ही शांतता एवढी जड झाली नसती. म्हणजे त्या साठेक वादकांचा खर्च शेवटच्या नि:शब्द मिनिटांतही कामाला आला. असे हिशेब परीक्षणात वाचायला आवडतील.

आता वाद्यवृंद पडद्याशी जुळतो कसा ते थोडे सांगतो, कारण भावना बिघडते ती पुष्कळदा इथेच. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, मिनिटाला 1440. वादकांच्या कानात ठोका देणारी क्लिक जुन्या पद्धतीत फ्रेममध्येच मोजत. 1440 ला फ्रेमच्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके निघतात : 20 फ्रेमची क्लिक म्हणजे 72 ठोके, 16 ची म्हणजे 90. समजा, संगीत सुरू झाल्यापासून 250 व्या फ्रेमला दार उघडते आणि तिथे नवा मेळ पडायला हवा आहे. 20 च्या क्लिकवर बारा ठोके 240 फ्रेममध्ये संपतात; मेळ दहा फ्रेम आधी पडतो, म्हणजे सुमारे 0.4 सेकंद. डोळ्याला ही चूक कळते. मग क्लिक 20⅞ करायची : बारा ठोक्यांना 250.5 फ्रेम, चूक अर्ध्या फ्रेमची. फिल्मच्या काळात क्लिक अशी फ्रेमच्या आठव्या भागापर्यंत बदलत. आज संगणक वाटेल तो आकडा देतो. दुसरा मार्ग म्हणजे लय न बदलता मध्येच एक बार, म्हणजे ठोक्यांचा एक गट, लहान-मोठा करणे. चांगला लिहिणारा हा सांधा प्रेक्षकाला जाणवू देत नाही.

पण प्रत्येक हालचालीवर ठोका मारायचा नसतो. नट जिना उतरतो आणि पावलागणिक व्हायोलिन टिचकी मारते, असे झाले की शोकांतिकेचे कार्टून होते. या प्रकाराला नावही मिकी माउसवरूनच पडले आहे.

क्लिकचा दुसरा तोटा अधिक गंभीर. माणूस गाताना ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळतो. गजाने वाजवणारे पन्नास जण एकत्र रेंगाळले की छातीत जे होते, ते क्लिकवर होत नाही. 1982 च्या ‘ई.टी.’च्या शेवटच्या सुमारे पंधरा मिनिटांच्या संगीतात नेमकी हीच अडचण आली. विल्यम्सला पडद्याशी जुळवून वाजवताना हवा तो ओघ मिळेना. तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गने पडद्यावरचे चित्र बंद करायला लावले आणि सांगितले, मैफलीत वाजवतोस तसे वाजव. चित्र नंतर संगीताबरहुकूम कापले. दिग्दर्शकाने संगीतासाठी स्वतःचे संकलन बदलणे, ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे संकलनाच्या खोलीत बसलेल्यांना विचारावे.

क्लिकचा तिसरा तोटा अगदी क्षुल्लक, पण त्याने टेक वाया जातात. चाळीस हेडफोनमधून गळणारी ‘टिक-टिक’ शांत जागी माइक पकडतात. त्यावर उपाय म्हणजे एकाच कानाचे, बंद पाठीचे हेडफोन, हळू जागी क्लिकचा आवाज खाली घेणे आणि शेवटच्या स्वरावर ती तोडणे. शेवटचा स्वर दालनात विरत असताना क्लिक चालू राहिली तर तो स्वर फेकूनच द्यावा लागतो. खुर्चीची कुरकूर आणि पान उलटण्याची खसखस यांचेही तेच. दोन तंतुवादक मिळून एक स्टँड वापरतात ते याचसाठी : आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो.

दालनाविषयी एवढेच सांगतो की छत उंच हवे. सर्वमान्य पद्धतीत वाद्यवृंद-संचालकाच्या डोक्यावर, सुमारे तीन मीटर उंचीवर, तीन माइकचा त्रिकोण टांगतात. शिवाय प्रत्येक गटाजवळ एकेक जवळचा माइक. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. हॉर्न या पितळी फुंकवाद्याजवळचा माइक त्या त्रिकोणापासून आठ मीटर दूर असेल तर त्याचा आवाज 23-24 मिलिसेकंद आधी नोंदला जातो. तेवढा विलंब मिसळताना भरून काढला नाही तर मागे बसलेला हॉर्न एकदम पुढ्यात येऊन बसतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही. ‘काहीतरी खोटे वाटते’ एवढेच तो म्हणतो.

मराठी चित्रपटाचे बजेट बहुतेक वेळा याच्या जवळपासही जात नाही. मग आठ वादक छोट्या खोलीत बसवून तीच ओळ पाच वेळा नोंदवतात आणि चाळीसचा आव आणतात. ते चालते, पण एका अटीवर : प्रत्येक फेरीला खुर्च्या बदलाव्या, जमल्यास वाद्ये अदलाबदल करावी, माइक हातभर हलवावा. तसे न केल्यास त्याच आठ जणांचे तेच दोष एकावर एक चढतात आणि स्वर रुंद होण्याऐवजी नाकातला होतो. संगणकातल्या तयार व्हायोलिनांचीही अशीच एक गंमत आहे. की-बोर्डवर एक पट्टी दाबली की सोळा व्हायोलिनांचा नमुना वाजतो. चार बोटांनी मेळ धरला की चौसष्ट वाजतात! खऱ्या वाद्यवृंदात तेच सोळा चार-चारमध्ये विभागले जातात आणि मेळ नाजूक होतो. संगणकावरचे पार्श्वसंगीत फुगलेले वाटते त्याचे एक कारण हे. दुसरे असे की त्या व्हायोलिनांचा गज कधी संपत नाही. खऱ्या गजाला टोक असते. तिथे वाक्य संपवावे लागते, श्वास घ्यावा लागतो. यंत्रावर लिहिणाऱ्याने निदान गजाची लांबी मनात धरून ओळ तोडली तरी निम्मे काम होते.

मुंबईत हे सगळे ज्ञान कुठून आले, याचा उल्लेख न करता हे पत्र पुरे करणे कृतघ्नपणाचे होईल. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकत. ती वाचणारी बोटे मुंबईच्या चित्रपटांना मिळाली म्हणून पन्नास-साठ जणांचा ताफा थोडक्या तालमीवर गाणे वाजवू शकला. त्या काळी गायक आणि सारा ताफा एकाच टेकमध्ये नोंदला जाई. चौथ्या मिनिटाला एकाचे बोट घसरले की सगळ्यांनी पहिल्यापासून. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. रागांवर आधारलेली सिंफनी लिहून गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत शंभराहून अधिक वादकांकडून ती वाजवून घेतली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनची दुसरी, स्वतंत्र चाल चालवली. गायक थांबतो तिथे ती पुढे येते, तो गातो तिथे खाली वाकते. आज आपण ‘जुन्या गाण्यांतली हुरहुर’ म्हणतो ती पुष्कळदा या मागच्या ओळीत असते. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सेबॅस्टियन यांचे नाव दत्ताराम वाडकरांच्या शेजारी ‘सहायक’ म्हणून येते. सहायक! पार्श्वसंगीताविषयी एका ओळीत लिहिण्याची सवय परीक्षकांना लागली ती कदाचित पडद्यावरच्या या कंजुषीतूनच.

शेवटी थिएटर. चित्रपटातल्या आवाजांचे मिश्रण (मिक्सिंग) एका ठरलेल्या पातळीवर होते : डॉल्बीच्या यंत्रावर फेडर 7 वर असताना पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज 85 डेसिबल यावा, अशी ती पातळी. प्रेक्षकांची तक्रार आली की फेडर 5 वर येतो. जवळजवळ 7 डेसिबल गेले. संवाद तरीही कळतात, मारामारी तरीही ऐकू येते. हरवतो तो म्यूट लावलेल्या व्हायोलिनांचा पट्टा. त्याच्यावर एसीची घरघर बसते. यात थिएटरवाल्याची एकट्याची चूक नाही. जाहिराती आणि ट्रेलर कर्णकर्कश मिसळले जातात आणि त्यांच्यासाठी खाली केलेला फेडर चित्रपट सुरू झाल्यावर वर घ्यायला कुणी येत नाही. मोबाइलवर पाहणाऱ्यांचे नुकसान दुसऱ्या टोकाला. डबल बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची, चेलोची 65 ची. मोबाइलच्या स्पीकरमधून यातले जवळजवळ काहीच निघत नाही, वरच्या छटांवरून मेंदू अंदाज बांधतो. धास्ती ज्या तळातून यायची तो तळच नाही. साधे वायरचे इयरफोन लावले तरी फरक पडतो.

म्हणून आपल्या परीक्षकांना एक विनंती. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणे शक्य नसेल तर निदान तीन जागा टिपून घ्याव्यात : संगीत पहिल्यांदा कधी सुरू झाले, सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगात ते होते की नव्हते, आणि संवादाखाली कोणते वाद्य होते. तिसरा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नाही. पुरुषाच्या बोलण्याखाली एकटा चेलो लिहिला की दोघे एकाच पट्ट्यात भांडतात आणि मिश्रणात चेलोच मारला जातो. जाणकार तिथे वर बारीक व्हायोलिन, खाली बास ठेवून मधली जागा माणसाला मोकळी सोडतो. असे एक वाक्य छापून आले तरी ‘साजेसे’ची गरज उरणार नाही. आणि श्रेयनामावली पडद्यावर सरकत असताना परीक्षकाने दोन मिनिटे थांबून वाद्यवृंदाचे संयोजन कुणाचे, संचालन कुणाचे, ध्वनिमुद्रण कुणाचे ही तीन नावे लिहून घ्यावीत. दिव्यांची बटणे लवकर दाबली जातात, हे खरे. पण ती नावे बहुतेक वेळा गाण्यांच्या श्रेयाच्या आसपासच असतात.

आपले,
चित्रपटांसाठी वाजवणारे, लिहिणारे व ध्वनिमुद्रण करणारे काही वाचक,
मुंबई